अर्धलीची कोंबडी

१

खुराडं कुठं बांधायचं यावरून सावित्री आणि महेंद्र यांचा तीन दिवस वाद चालला आणि चौथ्या दिवशी, नेहमीप्रमाणे, महेंद्रचं खरं झालं.

सावित्रीला ते परड्याच्या टोकाला, फणसाखाली हवं होतं. महेंद्रनं टेप काढली. चिपळूणच्या एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळून तो दोन वर्षांपूर्वी लांज्याजवळच्या आपल्या वाडीत, सावित्रीनं सांभाळलेल्या घरी, परतला होता, आणि मोजल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. फणसाखाली ओल राहते. पिकला फणस छपरावर पडला की कौलं गेली. शिवाय तिथं चारही भिंती नव्यानं उभ्या कराव्या लागणार. त्यापेक्षा मागल्या खोलीच्या भिंतीला बाहेरून टेकवून बांधलं तर तीनच भिंती पुरतात, घराचंच पाखं चार फूट पुढं ओढलं की छप्पर होतं, आणि घराची भिंत उबदार ती उबदारच. त्याचं सगळं बरोबर होतं. त्याचं नेहमीच सगळं बरोबर असतं, हीच तर सावित्रीची तक्रार होती.

हा सगळा खटाटोप वेदिकासाठी होता. त्यांची एकुलती एक लेक, ठाण्याला असते. लग्नाला आठ वर्षं झाली. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. तिसऱ्या वेळी सोनोग्राफीत एकदम जुळं दिसलं तेव्हा जावयानं, ओमकारनं, फोन केला आणि त्याला नीट बोलताच येईना. सावित्रीनं त्या दिवशी देवाला साखर ठेवली आणि कुणालाही सांगितलं नाही. सातव्या महिन्यात वेदिका माहेरी यायची होती. तिला घरची गावठी अंडी मिळायला हवीत, एवढं सावित्रीनं ठरवून टाकलं. बाकी तिच्या हातात होतंच काय?

भागोजी गवंडी चिरे घेऊन आला तेव्हा त्यानं जागा बघून मान हलवली.

"भाऊ, खुराडं घराला लावू नये. चार हात लांब असावं."

"का बरं?"

"पिसवा व्हतात."

"औषध फवारू."

"फवारा," भागोजी म्हणाला. भिंतीकडं बघत त्यानं ओळंबा सोडला. तीन दिवसांत खुराडं उभं राहिलं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, खाली भाताचं तूस, आत बांबूची दांडी, मुंगसासाठी दुहेरी जाळी. दार पूर्वेकडं. सावित्रीनं आत वाकून बघितलं आणि मनात म्हणाली, आपल्या न्हाणीपेक्षा बरं झालंय.

२

लांज्याच्या बाजारातून महेंद्रनं चार तलंगा आणल्या, आता अंड्यावर येतील अशा. आठवडाभर सगळं सुरळीत. दिवेलागणीला कोंबड्या आपापल्या आत जात, सावित्री मोजून दाराला फळी लावी.

आठव्या दिवशी पाच भरल्या.

पाचवी काळी होती. डोक्यापासून नखापर्यंत काळी, आणि वयानं जुनी. घराच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, जणू ती जागा तिचीच, अशी बसली होती. सावित्रीनं पुन्हा मोजलं. मग महेंद्रला हाक मारली. त्यानंही मोजलं.

परड्याच्या कडेला कमरेएवढा दगडी गडगा, आणि गडग्यापलीकडं चिमाकाकीचं बंद घर. कोंबडी तिकडूनच येते हे दोन दिवसांत कळलं. सकाळी सोडली की ती गडग्यावर चढायची, चिमाकाकीच्या मागल्या पडवीत चरायची आणि संध्याकाळी इकडं परतायची. सावित्रीनं वाडीत घरोघर विचारलं. कुणाचीच नव्हती.

चिमाकाकीला जाऊन तीन वर्षं झाली होती. सावित्री लग्न होऊन आली तेव्हा काकीनंच तिला पहिली कोंबडी दिली होती, अर्धलीनं. म्हणजे कोंबडी काकीची, सांभाळायची सावित्रीनं. अंडी सावित्रीची, पण जी पिल्लं निघतील ती अर्धी-अर्धी. काकी या व्यवहारात फार चोख होती. आपल्या वाट्याच्या पिल्लांच्या डाव्या पायाला ती हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची. गाठ अशी मारायची की पाय वाढला तरी रुतू नये. पिल्लं लगेच न्यायची नाही; आईनं टोचून दूर केली की मगच. आईपासून तोडलेलं जगत नाही, म्हणायची. आणि कुणी मधेच कोंबडी परत केली, तरी तोवरची वीण वाटून घ्यायचीच. नवीन सुनेला त्या कोंबडीचा केवढा आधार वाटला होता. वाडीत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या भरवशावर काहीतरी सोपवलं होतं.

शेवटच्या वर्षांत काकीचे डोळे मोतीबिंदूनं गेले. पण पहाटे खुराड्यात हात घालून एकेक कोंबडी चाचपायची आणि आज कुठली अंडं घालणार ते बिनचूक सांगायची. बोटं मात्र बारा महिने गार.

सावित्रीनं काकीच्या मुलाला, बाळाला, नालासोपाऱ्याला फोन लावला.

"आईच्या कोंबड्या आमी तवाच वाटल्या, वैनी," बाळा म्हणाला. "आता कसली राहत्येय? तुमीच ठेवा."

ठेवायची तर ठेवायची. पण दुसऱ्याची कोंबडी न बोलता ठेवणं सावित्रीच्या जिवाला पटेना. त्या संध्याकाळी ती गडग्यापाशी उभी राहिली आणि बंद घराकडं बघून, अर्धं हसत, अर्धं मनापासून म्हणाली, "काकी, तुजी कोंबडी माज्याकडं हाय. अर्धलीनं ठेवतंय गो."

महेंद्र पायरीवर चहा पीत होता. "उत्तर आलं का?"

"यील," सावित्री म्हणाली.

३

डिसेंबर सरता सरता काळी खुडूक झाली. सावित्रीनं तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. भिंतीकडच्या त्याच कोपऱ्यात ती एकवीस दिवस बसली. आठ पिल्लं निघाली, एक अंडं बाद.

पिल्लं दहा दिवसांची झाली असतील. सकाळी सावित्री कणी टाकायला गेली तर आठांपैकी चारांच्या डाव्या पायाला काहीतरी हिरवं. तिनं एक पिल्लू उचललं. चिंधी. लुगड्याच्या काठाची, धुऊन धुऊन मऊ पडलेली. गाठीत एक करंगळी जाईल एवढी जागा सोडलेली.

तिला पहिल्यांदा हसू आलं. महेंद्रनं आपली थट्टा केली, असं तिला वाटलं. ती पिल्लू घेऊनच आत गेली.

"हे तुमचं काम ना?"

महेंद्रनं चष्मा लावून चिंधी पाहिली. "मला वाटलं तू बांधलीस. पिल्लं ओळखायला."

 दोघांपैकी एकजण खोटं बोलत असता तर किती बरं झालं असतं. पण तेहतीस वर्षांच्या संसारात एवढं तरी कळतंच.

"वाडीतल्या पोरांनी केलं असेल," महेंद्र म्हणाला.

वाडीत पोरं होती तीन, आणि तिन्ही मोबाइलमधून मान वर न काढणारी. ती पहाटे उठून जुन्या लुगड्याचा काठ फाडतील आणि काकीची गाठ मारतील? सावित्रीला ती गाठ चांगली माहीत होती. तिची पहिली चार पिल्लं त्याच गाठीनं गेली होती. तरी ती काही बोलली नाही. बोलून दाखवलं की गोष्ट घरात राहायला येते, असं तिला वाटत असे.

४

मार्चच्या सुरुवातीला वेदिका आली. पोट एवढं की गाडीतून उतरताना ओमकारनं दोन्ही हात धरले. तो दोन दिवस राहून परत गेला. वेदिकाची खाट मागल्या खोलीत घातली. तीच खोली थंड, तीच शांत, आणि न्हाणी जवळ. खाट भिंतीला लावली. भिंतीपलीकडं खुराडं होतं हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. वेदिकाला उलट मजा वाटली.

"आई, रात्री कोंबड्या झोपेत कुरकुरतात ते ऐकू येतं. छान वाटतं."

दिवसभर ती पायरीवर बसून पिल्लांना कणी टाकायची. त्यातलं एक कवड्या रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं, तिच्या पायावर चढून बसायचं. त्याच्या पायाला चिंधी होती.

"हे कसलं गं?"

"वाट्याची खूण. हिरवी ती चिमाकाकीची."

"काकी तर गेल्या ना?"

"बाळाची म्हण मग, तिच्या मुलाची."

"हे नको देऊस आई. हे माझं."

सावित्रीचं लेकीपुढं कधी काही चाललं नव्हतं. तिनं ठिपक्याच्या पायाची चिंधी सोडली आणि केरात टाकली. सकाळी चिंधी पुन्हा त्याच्या पायाला होती. सावित्रीनं गाठ चाचपून पाहिली. मग तिनं एक गोष्ट करून पाहिली, महेंद्र प्रयोगशाळेत करायचा तशी. ठिपक्याची चिंधी सोडून तिनं ती शेजारच्या, मोकळ्या पायाच्या तांबड्या पिल्लाला बांधली, तीच गाठ मारून. दुसऱ्या दिवशी चिंधी तांबड्याच्याच पायात राहिली. तिसऱ्या दिवशीही.

आठवड्यानं काळीनं पिल्लांना टोचायला सुरुवात केली. पिल्लं आता आपल्या पायावर उभी झाली होती. त्या संध्याकाळी फळी लावताना सावित्रीनं मोजलं, सकाळी काढताना मोजलं. चार पिल्लं कमी. तांबडं नव्हतं. ठिपक्या होता.

जाळी शाबूत होती. फळी जशीच्या तशी. एक पीस सांडलेलं नव्हतं, रक्ताचा थेंब नव्हता. महेंद्रनं खाली बसून तूस उपसलं, भिंतीचे सांधे बोटानं तपासले, मुंगूस म्हणाला, मग उदमांजर म्हणाला, मग धामण म्हणाला.

"धामणीला चिंध्या कळतात?" सावित्रीनं विचारलं.

महेंद्रनं तूस पुन्हा नीट पसरून ठेवलं.

खरं सांगायचं तर सावित्रीला फार भीती वाटली नव्हती. जे गेलं ते ठरल्याप्रमाणे गेलं होतं. काकीनं एक जास्त नेलं नाही, एक कमी नाही. ठिपक्या मागितला तर सोडलासुद्धा. ती फक्त एवढं समजली, की काकीला रंग दिसत नाही, संख्या कळते.

५

काळी एप्रिलमध्ये पुन्हा बसली. त्याच कोपऱ्यात.

एके सकाळी सावित्री चहा घेऊन मागल्या खोलीत गेली. उजाडलं होतं. वेदिका भिंतीकडं तोंड करून पडली होती, डोळे उघडे.

"आई, मघाशी कशाला उठवलंस?"

"मी? मी चुलीपाशी होतंय."

"पोट चाचपत होतीस ना. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. परत पहिल्या." ती जांभई देत म्हणाली, "हात किती गार तुझे. पण बरं वाटलं. बाळं अशी गप्प झाली."

सावित्रीनं हातातला चहा खाली ठेवला. 

"सपान पडलं असेल."

"असेल," वेदिका म्हणाली आणि चहा प्यायला उठून बसली.

सावित्रीनं भिंतीला हात लावून पाहिला. महेंद्र म्हणाला होता तशी उबदार होती. भिंतीच्या त्या बाजूला काळी अंड्यांवर बसली होती, या बाजूला वेदिका. मध्ये वीतभर चिरा. छप्पर एकच. आणि जिला डोळे नाहीत, जी हातानंच सगळं बघते, तिला भिंतीची ही बाजू कुठली आणि ती कुठली?

काकी वाईट नव्हती. हेच सावित्रीला सगळ्यात कठीण जात होतं. काकी दुष्ट असती तर शिव्या घालता आल्या असत्या, नारळ-लिंबू करता आलं असतं. ती आपल्या वाट्याचं बघायला आली होती, बस्स. आणि तिला बोलावलं होतं सावित्रीनं, गडग्यापाशी उभं राहून, हसत.

६

त्याच दिवशी तिनं वेदिकाची खाट माजघरात आणवली. मागल्या खोलीत पिसवा झाल्यात, एवढंच सांगितलं.

"फवारलं होतं की मी," महेंद्र म्हणाला.

"अहो, खुराडं काढायचंय. आज."

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि टेप न काढता भागोजीला फोन लावला. संध्याकाळपर्यंत भागोजीनं तीन भिंती उतरवल्या, ओढलेलं पाखं परत तोडलं आणि सगळे चिरे फणसाखाली नेऊन रचले. सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. जाताना फक्त म्हणाला, "वैनी, आदीच लांब घेतलं आस्तं तर बरं झालं आस्तं." सावित्रीनं त्याला चहा दिला. तिला त्याच्याकडून आणखी काही ऐकायचं नव्हतं.

कोंबड्या नव्या खुराड्यात गेल्या. काळी गेली नाही. अंडी उचलून नेली तरी ती उघड्या भिंतीच्या पायथ्याशी, जिथं तिचा कोपरा होता तिथं, मातीत बसून राहिली.

सावित्रीनं तिला उचललं. अंगाला ऊब होती, वजन होतं, अगदी कोंबडीसारखी कोंबडी. गडगा ओलांडून ती चिमाकाकीच्या मागल्या पडवीत गेली. दाराला आतून कडी होती. कुलूप पुढच्या दाराला. पडवी झाडलेली दिसली. तीन वर्षं बंद घराची पडवी, आणि पानाचा चुरासुद्धा नाही. सावित्रीनं तिकडं बघायचं टाळलं. काळीला डालग्याखाली ठेवलं, वर दगड ठेवला आणि हात जोडले.

"काकी, तुजी कोंबडी परत केलीय. अर्धल फिटली. काय चुकलं-माकलं आसल तर पोटात घाल."

दुसऱ्या दिवशी डालगं तसंच होतं, दगड वर तसाच. खाली कोंबडी नव्हती. काळी त्यानंतर दिसली नाही, आणि सावित्रीला त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

७

मेच्या मध्यावर रत्नागिरीच्या एका दवाखान्यात वेदिका बाळंत झाली. दोन मुली. दोघी लहानशा पण धडधाकट. ओळखायला म्हणून नर्सनं दोघींच्या पायाला पांढऱ्या पट्ट्या लावल्या होत्या, एक आणि दोन. त्या पट्ट्या सावित्रीनं वाकून दोनदा पाहिल्या. पण त्या दोघींच्याही पायाला होत्या, आणि पांढऱ्या होत्या. सहाव्या दिवशी घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते दोन्ही पट्ट्या कापून टाकायचं.

घर भरल्यासारखं झालं. एकीला भूक लागली की दुसरी रडायची. महेंद्र दोघींच्या दुधाच्या वेळा वहीत लिहू लागला. सावित्री दोघींना न्हाऊ घालायची, शेक-शेगडी करायची, आणि मधूनमधून हसायची. मागल्या खोलीला तिनं कडी घातली होती.

दहाव्या दिवशी सकाळी ती धाकटीला पायावर घेऊन न्हाऊ घालायला बसली. दुपटं सोडलं. डाव्या पायाला हिरवी चिंधी होती.

गाठीत करंगळी जाईल एवढी जागा होती. पाय वाढला तरी रुतू नये म्हणून.

सावित्रीनं आधी बाळाला न्हाऊ घातलं. पाणी निवत होतं. अंग पुसलं, धुरी दिली, मग चिंधी सोडून महेंद्रच्या हातात ठेवली. तो म्हणाला, "दुपट्याच्या काठाचा धागा असेल." आणि चिंधी चुलीत टाकली. जळताना चिंधीला जुन्या कपाटाचा वास आला. दुपारी ती बाळाच्या पायात होती. सावित्रीनं ती फणसाखालच्या एका कोंबडीला बांधली. दिवे लागायच्या आत ती परत धाकटीच्या पायात होती.

पिल्लाच्या बदल्यात पिल्लू चाललं होतं. माणसाच्या बदल्यात कोंबडी चालत नव्हती. बरोबरच होतं ते. काकी चोख होती.

मधेच कोंबडी परत केली, तरी तोवरची वीण वाटून घ्यायचीच. सावित्रीला हे तेहतीस वर्षं माहीत होतं. घाईत विसरली होती, इतकंच. पिल्लं आईनं सोडल्यावरच काकी नेते, म्हणजे वेळ होता. वर्ष, दीड वर्ष. धाकटी रांगेल, उभी राहील, आजी म्हणेल. आणि मग वेदिका एक दिवस तिचं अंगावरचं दूध तोडेल.

सावित्री रात्रभर पाळण्यापाशी बसून राहिली. वेदिकाला वाटलं, आईला नातींचं कौतुक. ते तर होतंच.

८

बारशाच्या आदल्या संध्याकाळी महेंद्र पेढे आणि पाळण्याला फुलं आणायला लांज्याला गेला. ओमकार दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं येणार होता. वेदिका माजघरात मोठीला पाजत होती, धाकटी पाळण्यात जागी होती आणि छताकडं बघत पाय झाडत होती. चिंधी हलत होती.

सावित्रीनं देवापुढं दिवा लावला. मग पाळण्याशी येऊन बसली.

गेल्या दोन दिवसांत तिनं घरातली माणसं मनात पुष्कळदा मोजली होती. दरवेळी मोजणी एकाच माणसावर येऊन थांबत होती. तिला त्याचं फार दुःख झालं नाही. एवढंच वाटलं, की महेंद्रला चहात साखर किती लागते ते वेदिकाला सांगायला हवं. तो स्वतः कधी सांगणार नाही. आणि धाकटीचं नाव ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

तिनं धाकटीच्या पायाची गाठ सोडली. पाय हातात धरला, ओठांना लावला, दुपट्यात घातला. मग साडी जराशी वर करून चिंधी स्वतःच्या डाव्या घोट्याला बांधली. वाढीला जागा सोडायचं काही कारण नव्हतं, पण हाताला तीच गाठ येत होती. चिंधी लहान पडेल असं वाटलं होतं. ती बरोबर पुरली.

तिनं वाट पाहिली. चिंधी तिथंच राहिली. धाकटीचा पाय मोकळाच राहिला.

चिमाकाकी पिल्लं आईनं सोडेपर्यंत थांबायची. सावित्रीची आई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तिच्या बाबतीत थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ती, ती, ती, ती."

मागल्या दारातून आवाज आला. सावकाश, घाई नसलेला, संध्याकाळी कोंबड्यांना घरात बोलावतात तसा. फणसाखाली कोंबड्या आधीच आत गेल्या होत्या. त्यातली एकही हलली नाही.

सावित्री मागल्या दारात येऊन उभी राहिली. अजून पुरता अंधार पडला नव्हता. गडग्यापलीकडं चिमाकाकीच्या पडवीचं दार हातभर उघडं होतं. उघड्या फटीतून एक हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत, सुरकुतलेला. तो झाडलेल्या पडवीत कणी टाकत होता, अंदाजानं, थोडी इकडं, थोडी तिकडं. हातामागं लुगडं दिसत होतं. त्याचा काठ जागोजागी फाडलेला होता.

"आई," वेदिकानं आतून हाक मारली, "चुलीवर दूध आहे का गं?"

"हाय. उतरव तेवडं," सावित्री म्हणाली. "आणि बाबांना चहात साखर दीड चमचा. इसरू नको."

"आत्ता कसलं ते?"

सावित्रीनं साडी वर खोचली आणि गडगा ओलांडला.